कडेला उभी माणसे

गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतकाम केलेल्या जुन्या सालदारांचे थोरले चिरंजीव ओट्याखाली येऊन उभे राहिले. आता तेही साठी ओलांडलेले. लहानपणी आमच्या गोठ्यात शेण काढायला येणारा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असलेला तो मुलगा मला त्या चेहऱ्यात शोधावा लागला. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली, ओट्यावर बसा म्हटले तरी ते पायरीवरच टेकले, पाणी प्यायले, आईची आठवण काढली आणि मग बराच वेळ घुटमळून म्हणाले, “अक्का, मना बापना एखादा फोटू शे का तुमना अल्बममा? घागरजोडे ठेवाले काहीच नही.” आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरून पुजतात, तिच्याजवळ ठेवायला त्यांना फोटो हवा होता. मी “बघते” म्हणाले. एवढेच म्हणाले. मागच्या दारी, न्हाणीच्या भिंतीशी ठेवलेल्या घमेल्यात ४३ फोटोंचे तुकडे पडलेले होते आणि ते मी आदल्या संध्याकाळी माझ्या हातांनी फाडलेले होते, हे मी त्यांना सांगितले नाही.

घर विकायचे ठरले होते. अमळनेर तालुक्यातले, बोरीच्या काठच्या एका गावातले आमचे हे धाब्याचे, सपाट मातीच्या छताचे घर आई गेल्यावर दोन वर्षे कुलपात होते, आणि धाब्याला माणसाची वर्दळ नसली की त्याचे काय होते हे खानदेशात कोणाला सांगायला नको. भाऊ पुण्याहून येऊन वाटण्यासारखे होते ते वाटून गेला होता. तांब्याचे घंगाळ, सागवानी कपाट, आईचे पाटा-वरवंटा, सगळ्याला कोणी ना कोणी धनी मिळाला. उरले ते मागच्या पडवीच्या पत्र्याखाली, माळ्यावर ठेवलेल्या लोखंडी पेटीतले ११ अल्बम आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेले सुटे फोटो. “त्याचे काय करायचे ते तूच ठरव,” असे भाऊ म्हणाला. त्याच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. आईच्या वस्तूंमध्ये ज्या वस्तूला हात लावायला तो सर्वांत जास्त भीत होता, ती त्याने माझ्याकडे सोपवली होती. आखाजीला लेकींनी माहेरी यायचे असते. माहेरपणाची माझी ती शेवटची आखाजी होती आणि त्या आठवड्यात मला हे काम उरकायचे होते.

माळ्यावरून पेटी खाली घेतली तेव्हा तिची कडी हाताला चटका देत होती. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या घरात जातो आणि पत्र्याखाली तर दुपारी हवा तापलेल्या तव्यासारखी असते. त्या उन्हाळ्यांत, एकामागून एक कितीतरी वर्षे, हे फोटो त्या पेटीत होते. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा, जुन्या खळीचा आणि तापलेल्या कागदाचा असा एकत्र वास आला की मी क्षणभर तोंड बाजूला केले. अल्बमच्या पानांतून कसर सुळकन पळाली. ही चंदेरी कीड कागदापेक्षा त्यावरच्या खळीवर आणि फोटोच्या चकचकीत थरावर अधिक जगते, त्यामुळे काही फोटोंचे चेहरे शाबूत होते आणि आकाशच तेवढे कुरतडले गेले होते.

मी तीन ढीग केले. आपल्या माणसांचे फोटो, ओळखीच्या माणसांचे फोटो आणि बाकीचे. नियम मी स्वतःच ठरवला होता आणि तेव्हा तो मला शहाणपणाचा वाटला होता. जे हललेले आहेत, ज्यांत चेहरा अर्धा कापला गेला आहे, ज्यांतले कोणीही मला ओळखू येत नाही, जे एकाच प्रसंगाचे दुसऱ्या-तिसऱ्यांदा काढलेले आहेत, ते तिसऱ्या ढिगात. संध्याकाळपर्यंत त्या ढिगात ४३ फोटो जमले. रद्दीवाला गावात येतो, परंतु माणसांचे चेहरे तागडीत घालून किलोवर द्यावेत हे मनाला पटेना. उद्या कोणाच्या तरी शेंगदाण्यांच्या पुडीवर एखादे नऊवारी नेसलेले बाईमाणूस दिसेल, या कल्पनेनेच मला कसेसे झाले. म्हणून ते आपल्या हातांनी फाडून जाळावेत असे मी ठरवले. मान राखण्यासाठीच मी ते फाडले, हे मला आजही खरे वाटते आणि त्याने काही हलकेही वाटत नाही.

जुना कृष्णधवल फोटो फाडताना प्रथम तो अडतो. कागद जाड असतो, वरचा थर काचेसारखा कडकतो आणि मग एकदम सरळ चीर जाते. चिरेच्या कडेला पांढरे तंतू उभे राहतात. रंगीत फोटो मात्र फाटता फाटत नाही. त्याच्या कागदावर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो ताणला जातो आणि चेहरा फाटण्याआधी लांबट होतो. तसे दोन-तीन चेहरे माझ्या हातांत ताणले गेले आणि मी डोळे मिटून उरलेले फाडले. त्या दिवशी वारा सुटला होता, ठिणगी गंजीकडे जाईल म्हणून शेजारच्या काकूंनी पेटवू दिले नाही. घमेल्यावर सूप झाकून मी झोपले.

त्या वाऱ्याचे उपकार मी किती वेळा मानले असतील.

आमच्या घरी फोटो सुरू झाले ते १९७१ मध्ये, वडिलांनी आगफा क्लिक थ्री कॅमेरा घेतला तेव्हापासून. त्याच्या एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघत. रोल महाग, धुवायला अमळनेरला द्यायचा, आठवड्याने आणायचा, म्हणून वडील बटण दाबण्याआधी इतका विचार करत की उभ्या माणसांचे हसू तोवर मावळून जाई. त्या फोटोंतले आम्ही सगळे गंभीर दिसतो त्याचे कारण हे आहे. दुःख असे काही नव्हते. फोटो आले की आई ते अल्बममध्ये लावी. जाड काळी पाने, प्रत्येक दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उमटवलेला पातळ, कुरकुरणारा कागद, आणि फोटोच्या चारी टोकांना बसवायचे छोटे त्रिकोणी कोपरे. ते कोपरे ती जिभेच्या टोकाने ओले करी, त्यामुळे अल्बम लावून झाला की तिला पाणी प्यावेसे वाटे. फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीने ती दोन-चार शब्द लिही. सातवीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईचे अक्षर बाकी कोठेच फारसे उरलेले नाही. पत्रे तिने लिहिली ती दुसऱ्यांच्या घरी गेली, हिशेबाच्या वह्या कधीच चुलीत गेल्या. तिचे अक्षर आहे ते त्या काळ्या पानांवर, “आक्काची हळद”, “बोरीला पूर”, “वाड्यातली चिंच” अशा तुटक ओळींत.

म्हणून अल्बम मोडून फोटो वेगळे करावेत की नाहीत, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ जागेचा नव्हता. फोटो काढून घेतला की खालची ओळ अनाथ होते आणि ओळ सोडली की फोटो मुका होतो.

मधल्या खोलीत आजोबांचा मोठा फोटो होता, काळ्या लाकडी चौकटीतला, ज्याला आम्ही दर पितृपक्षात हार घालत असू. कोट, टोपी, रोखलेली नजर. लहानपणापासून त्या फोटोत मला एक गोष्ट खटकत असे. त्यांच्या उजव्या खांद्यावर, कोटाच्या काळ्या रंगात, एक फिकट, बोटभर लांबीचा डाग होता. मी तो ओलावा समजत आले. पेटीतल्या डब्यात तळाशी मला त्या फोटोचे मूळ सापडले. आठ-दहा माणसे कोणाच्या तरी मांडवाखाली उभी आहेत, आजोबा कडेने तिसरे आहेत, अंगात सदरा आहे, कोट नाही, आणि त्यांच्या खांद्यावर शेजारच्या माणसाने हात टाकलेला आहे. आजोबा अचानक गेले, त्यांचा एकट्याचा फोटो नव्हता, म्हणून स्टुडिओवाल्याने या घोळक्यातून त्यांना उचलले, मोठे केले, ब्रशने कोट घातला आणि तो हात रंगवून टाकला. एक बोट मात्र पुरते बुजले नाही. जवळपास ६० वर्षे आम्ही त्या बोटालाही हार घालत आलो. तो माणूस कोण होता? आजोबांच्या खांद्यावर इतक्या सहजपणे हात टाकणारा मित्र आमच्या घरात कोणालाच माहीत नाही, आणि विचारावे असे आता कोणी उरलेले नाही.

याच्या उलट एक गोष्ट माझ्याही बाबतीत घडलेली आहे. १९८० च्या सुमारास माझ्यासाठी स्थळे पाहू लागले तेव्हा वडिलांनी मला अमळनेरच्या एका स्टुडिओत नेले. मागे तलाव आणि हंस रंगवलेला पडदा, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, हात तिच्यावर कसा ठेवायचा हे सांगणारा, आवाज चढवून बोलणारा फोटोग्राफर, आणि दाराशी उभे राहून माझ्याकडे न पाहणारे वडील. त्या फोटोच्या सहा प्रती काढल्या. धुळे, शिरपूर, चोपडा, पारोळा अशा गावांना त्या पत्रासोबत गेल्या. नकार येत तेव्हा फोटो परत पाठवण्याची रीत होती, पण सगळेच ती पाळत नसत. सहापैकी दोन परत आल्या, एक माझ्या सासरी राहिली. उरलेल्या तीन कोठे आहेत? कोणाच्या तरी घरच्या डब्यात, पतंगाच्या पंखासारख्या पिवळ्या पडलेल्या कागदावर, हंसांपुढे उभी असलेली अठरा वर्षांची मी कदाचित अजून आहे. त्या घरातही कोणी सुनेने, मुलीने कधीतरी तीन ढीग केले असतील. “ही कोण?” असे विचारून मला तिसऱ्या ढिगात टाकले असेल. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी फोटो फाडताना माझ्या मनात हे एकदाही आले नाही, याचे मला आता नवल वाटते.

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी चाळीसगावला जाऊन केकी मूस यांचा बंगला पाहून आले होते. १९१२ ते १९८९ असे आयुष्य लाभलेला हा छायाचित्रकार जवळपास पन्नास वर्षे त्या घराबाहेर क्वचितच पडला, आणि टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून त्याने जी दृश्ये उभी केली ती पाहताना आपण टेबलापुढे उभे आहोत हे विसरायला होते. प्रकाश कोठून यावा, सावली किती लांब पडावी, प्रत्येक गोष्ट त्यांनी ठरवलेली. त्या चौकटीत न बोलावता कोणी शिरलेले नाही. घरी आल्यावर मला जाणवले की आमच्या अल्बममध्ये नेमके याच्या उलट आहे. वडील ज्याचा फोटो काढत होते त्याच्याकडे पाहायचे सोडून आज माझी नजर कडेला जाते. हळदीच्या फोटोत दाराआडून डोकावणारी धुणेवाली मावशी, पुराच्या फोटोत पाठमोरा उभा असलेला कोतवाल, लग्नाच्या पंगतीत वाकून वरण वाढणारा, चेहरा न दिसणारा कोणी. त्यांना कोणी उभे केले नव्हते. ते तिथे कामाला होते म्हणून फोटोत आले.

आखाजीच्या त्या दुपारी सालदारांचे चिरंजीव पुन्हा आले. घरी घागर भरून, आगारी टाकून, म्हणजे विस्तवावर नैवेद्य वाहून, जेवून आले होते. मी पुरणपोळीचे ताट आग्रहाने समोर ठेवले, त्यातला एक घास त्यांनी खाल्ला. मग आम्ही दोघे मधल्या खोलीत चटईवर बसलो आणि एकेक अल्बम पाहू लागलो. त्यांच्या वडिलांना आम्ही मुले आबा म्हणत असू. आबा आमच्याकडे सतरा साल होते. दर आखाजीला साल बदलायचे, नवे साल बोलायचे, आणि दर आखाजीला वडील आणि आबा ओट्यावर बसून ठरलेले तेच बोलत आणि आबा तेथेच राहत. मला त्यांचे पाय आठवतात, टाचांना पडलेल्या भेगांत काळी माती कायमची बसलेली. त्यांचा आवाज आठवतो. पहाटे बैलांना पेंड चारताना ते त्यांच्याशी ज्या सुरात बोलत, तो सूर ते माणसांशी कधी वापरत नसत. ते १९८५ च्या आसपास गेले. परंतु त्यांचा चेहरा आठवू पाहिला तर माझ्या डोळ्यांसमोर टोपी येते आणि टोपीखाली नुसता अंधार.

पहिल्या चार अल्बमांत आबा नव्हते. पाचव्यात एक फोटो सापडला. झुली घातलेली, शिंगांना बेगड लावलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा असलेली बैलजोडी अंगणात उभी आहे, आणि दोन बैलांच्या मध्ये, कासरे धरून, एक माणूस आहे. त्याचा सदरा दिसतो, हातातले चांदीचे कडे दिसते, पण डावीकडच्या बैलाचे शिंग नेमके त्याच्या चेहऱ्यावर आलेले आहे. एक कान आणि थोडी हनुवटी एवढेच शिंगामागून सुटलेले. चिरंजीवांनी त्या शिंगावर बोट ठेवले आणि ते म्हणाले, “हाऊ सर्जा शे.” मी खालची आईची ओळ वाचली. पांढऱ्या पेन्सिलीने तिने स्पष्ट अक्षरात लिहिले होते: “पोळा, १९७४. सर्जा व राजा.”

मी ती ओळ मोठ्याने वाचली नाही.

आणि तेव्हाच मला आठवले. बैलांचा आणखी एक फोटो होता. त्याच दिवशीचा, त्याच रोलवरचा. बैलाने मान झटकली म्हणून तो हलला होता, झुलीची नुसती पांढरी रेघ झाली होती, म्हणून आईने तो अल्बममध्ये न लावता डब्यात टाकला होता आणि मी तो तिसऱ्या ढिगात टाकला होता. बैलाने मान झटकली होती, म्हणजे शिंग तेथे नव्हते. मी उठले, मागच्या दाराने गेले, घमेले उचलून आणले आणि त्यांच्यासमोर ठेवले. काय झाले ते सांगितले. सांगताना माझा आवाज नीट निघत नव्हता. ते काही बोलले नाहीत. टोपी बाजूला ठेवून त्यांनी मांडी सावरली आणि तुकडे एकेक करून चटईवर उताणे मांडायला सुरुवात केली, भाताच्या तांदळातले खडे वेगळे करावेत तसे, घाई न करता.

दोन तास लागले असतील. चौकोनी फोटोंचे तुकडे एका बाजूला, रंगीत एका बाजूला. मागे स्टुडिओचा जांभळा शिक्का असलेले तुकडे उलटे करून जुळवायला सोपे जात होते, हे त्यांनीच शोधून काढले. झुलीचा तुकडा आधी मिळाला. मग धूसर झालेले वशिंड. मग एक हात, कडे घातलेला. शेवटचा तुकडा घमेल्याच्या तळाशी, पत्र्याला चिकटून बसला होता. चार तुकडे पाटावर जवळजवळ सरकवले तेव्हा हललेल्या, पुसट बैलांच्या मध्ये एकच गोष्ट स्थिर होती आणि ती म्हणजे आबांचा चेहरा. चीर कानावरून गालाच्या कडेने गेली होती, डोळ्यांना धक्का लागला नव्हता. ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. मान झटकणाऱ्या सर्जाकडे पाहत होते आणि काहीतरी बोलत होते, तोंड किंचित उघडे होते. तो पहाटेचा सूर मला ऐकू आल्यासारखा झाला. चिरंजीव बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी आपला गाल आणि हनुवटी हाताने चाचपली.

फाटलेला फोटो चिकटपट्टीने जोडू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागदात तेलासारखी उतरते, एवढे मला ठाऊक होते. मी गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवली, पतंगाच्या पातळ कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि मागच्या बाजूने लावून वर वजन म्हणून आईचा पोळपाट ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तो घेऊन अमळनेरला स्टुडिओत गेलो. तेथल्या मुलाने तो स्कॅन करून पडद्यावर मोठा केला आणि सवयीने विचारले की मागचे बैल काढून साधी निळी पार्श्वभूमी टाकू का, अंगात कोट घालू का, हारासाठी तसाच फोटो चांगला दिसतो. मला आजोबांच्या खांद्यावरचे बोट आठवले, पण मी काही म्हणण्याआधीच ते म्हणाले, “बैल काढू नका. बैल काढा ते बाप वळखू येवाव नही.” चीर मात्र काढून टाका, असे त्यांनी सांगितले. ती काढताना मी त्या मुलाच्या हाताकडे पाहत होते आणि माझ्या हातांनी केलेले दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनी इतक्या सहज पुसले जाते आहे, याचे समाधान मला वाटेना.

फोटोच्या मागे नाव लिहावे म्हणून मी मऊ शिसपेन्सिल काढली. बॉलपेनने लिहिले तर अक्षर पुढच्या बाजूला उमटते. पेन्सिल टेकवली आणि थांबले. आबांचे नाव मला माहीत नव्हते. सतरा साल ते आमच्या घरी होते, त्यांच्या खांद्यावर बसून मी बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा पाहिली होती, आणि मला त्यांचे नाव माहीत नव्हते. मी विचारले. त्यांनी वडिलांचे आणि आजोबांचेही नाव सांगितले, मी ते आडनावासह लिहिले. ते नाव मी येथे देत नाही, ते त्यांच्या घरचे आहे.

भाच्याने त्यानंतर सगळे ११ अल्बम स्कॅन करून दिले. मी त्याला प्रत्येक पान अख्खे, ओळीसह घ्यायला लावले आणि सुट्या फोटोंची मागची बाजूही घ्यायला लावली. शिक्के, तारखा, कोणी तरी केव्हा तरी लिहिलेले “परत करणे”. काम करताना त्याच्या ध्यानात आले की १९७० च्या दशकातले काळे-पांढरे फोटो जसेच्या तसे आहेत आणि त्याच्या स्वतःच्या बारशाचे रंगीत फोटो तांबूस होऊन विरत चालले आहेत. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीची असते, ती टिकते. रंगीत फोटोंत रंगद्रव्ये असतात, त्यांतले निळसर आधी उडते आणि मागे लाल-पिवळे उरते. उष्णतेने हे आणखी लवकर होते आणि आमचे अल्बम तर पत्र्याखाली होते. त्यातही चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम, जे आम्ही १९८०-९० च्या काळात मोठ्या हौसेने घेतले, त्यांनी सर्वांत जास्त घात केला. माझ्या लग्नाचे अर्धे फोटो त्या पानांना असे धरून बसले आहेत की दात साफ करण्याचा दोरा मागून फिरवूनही सुटत नाहीत. त्या पानांवर चिकटद्रव्याच्या पिवळ्या रेघा माझ्या शालूतून आरपार दिसतात. ते मी तसेच ठेवले आहेत.

काळ्या पानांचे सहा अल्बम मोडायचे नाहीत, हे ठरले. ते माझ्याकडे आहेत, पेटीत नव्हे तर घरातल्या सर्वांत थंड खोलीत, भिंतीपासून सुटे, सुती कापडात. बाकीच्यांचे आणि डब्यातल्या फोटोंचे मी पुन्हा ढीग केले आणि या वेळी ढिगांना घरांची नावे दिली. ज्यांच्या आजोळच्या पंगती आहेत त्यांचा एक. धुणेवाल्या मावशीच्या नातवाचा एक. तो सुरतेला असतो, त्याला टपालाने पाठवला. कोतवालांच्या पाठमोऱ्या फोटोसाठी मी त्यांच्या सुनेकडे गेले, तिने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि अर्ध्या मिनिटात सांगितले की हे ते नव्हेत, हे त्यांचे धाकटे भाऊ, कारण सासऱ्यांचा डावा खांदा पडलेला होता. पाठीवरून माणूस ओळखणारी बाई आमच्या गावात होती आणि मी परस्पर ठरवून बसले होते की यातले कोणीच ओळखू येत नाही. प्रत्येक घरी हा आनंदाचाच प्रसंग होता असे नाही. एका घरी फोटो पाहून दार लोटून घेतले गेले. त्यातल्या मुलीने पुढे जीव दिला होता, हे मला माहीत नव्हते. तो फोटो मी परत आणला आणि आजवर कोठे ठेवावा ते मला कळलेले नाही. तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात, कोऱ्या कागदात गुंडाळलेला आहे.

भावाचे म्हणणे वेगळे आहे. “त्या घरांतही हे फोटो एक दिवस कोणी तरी फाडेल,” असे तो म्हणतो, आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. फाडतील. पण फाडणाऱ्याला निदान नाव वाचावे लागेल.

उरलेल्या ४२ फोटोंचे तुकडे माझ्याकडे पाकिटांत आहेत. पावसाळ्यात दुपारी वेळ मिळतो तेव्हा मी ते पाटावर घेऊन बसते. आतापर्यंत १९ जुळले आहेत. एकात घंगाळापाशी उभे असलेले नागडे मूल आहे, ते भाऊ असावा किंवा आणखी कोणी. एकात केवळ सावली आहे, कॅमेरा डोळ्याशी धरून उभ्या असलेल्या वडिलांची, अंगणातल्या मातीवर लांब पडलेली. त्यांचा त्या घरातला दुसरा फोटो जवळपास नाहीच, कारण सगळे फोटो त्यांनीच काढले. तो फोटो मी “यात कोणीच नाही” म्हणून फाडला होता.

यंदाच्या आखाजीला आम्ही गावी गेलो नाही, घर आता दुसऱ्यांचे आहे. सकाळी माझ्या फोनवर सालदारांच्या चिरंजीवांकडून फोटो आला. नवी लाल घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला दोन आंबे आणि सांजोऱ्यांची ताटली, आणि मागे भिंतीला टेकवलेला आबांचा फोटो, सर्जासकट. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. चौकटीच्या उजव्या कडेला, फुले वाहणारा एक हात मनगटापर्यंत आलेला आहे. हिरव्या बांगड्या, त्यांच्या पुढे एक काळा दोरा, बोटांना ओले कुंकू. मी घागरीला नमस्कार कळवला आणि तो हात कोणाचा, असे त्यांना विचारून ठेवले आहे.